रिक्सिया साधी आहे, म्हणून ती आदिम ठरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नागपुरात कॉलेजच्या आवारात, पावसाळ्यातल्या ओल्या मातीवर दोन-अडीच सेंटीमीटरच्या हिरव्या चकत्या दिसल्या आणि प्रात्यक्षिकात ती रिक्सिया असल्याचं सांगितलं गेलं. पाठ्यपुस्तकात रिक्सियाला लिव्हरवर्टमधली (मॉसच्या नात्यातल्या, फुलं-बिया नसलेल्या छोट्या वनस्पतींतली) सर्वांत आदिम वनस्पती म्हटलं आहे. तुम्ही पाहिलेल्या नव्या वंशवृक्षात मात्र ती मार्कँशिया या जास्त गुंतागुंतीच्या लिव्हरवर्टच्या गटात, बरीच आतल्या फांदीवर बसलेली आहे. दोन्हीपैकी खरं काय, परीक्षेत काय लिहायचं आणि त्या चकतीची प्रजाती कशी ओळखायची, हे तुम्हाला हवं आहे.

प्रश्न तीन दिसतात, पण पहिल्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचे दोन सोपे होतात. मुळात अडचण अशी आहे की एखाद्या वनस्पतीची रचना साधी असणं आणि तिचं कूळ जुनं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात त्या एकच समजून शिकवल्या जातात. अनेक वर्षं प्रात्यक्षिकं घेताना मला हाच घोटाळा पुन्हा पुन्हा भेटला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वनस्पती नीट बघू. रिक्सियाचा थॅलस (मूळ-खोड-पान वेगळं नसलेलं शरीर) जमिनीला चिकटलेला, चपटा, आणि प्रत्येक टोकाशी दोन-दोन फाटे फुटत जाणारा. एकाच बिंदूपासून असे फाटे सगळीकडे पसरले की चकती तयार होते. प्रत्येक फाट्याच्या मधोमध वरून एक खाच जाते. खालच्या बाजूला खवल्यांसारखी शल्कं असतात. ती सुरुवातीला एकाच ओळीत येतात आणि थॅलस रुंद होताना मधोमध फाटून दोन ओळी होतात. त्यांच्याबरोबर मुळांसारखे तंतू म्हणजे ऱ्हायझॉइड असतात, आणि ते दोन प्रकारचे : काहींची भिंत आतून गुळगुळीत, काहींच्या भिंतीवर आतल्या बाजूला बारीक खुंट्या. या खुंट्या विसरू नका, पुढे त्यांच्यावरच युक्तिवाद उभा राहणार आहे.

आडवा छेद घेतला की खरी मजा दिसते. वरच्या भागात हरितद्रव्य असलेल्या पेशींचे उभे खांब, आणि त्या खांबांच्या मध्ये हवेच्या अरुंद नळ्या. प्रत्येक खांबाची सर्वांत वरची पेशी रंगहीन असते. अशा पेशी शेजारी शेजारी येऊन एक तुटक बाह्यत्वचा बनते. मार्कँशियात दिसतं तसं नेटकं, पिंपाच्या आकाराचं रंध्र इथे नाही. नळी सरळ वर उघडते. खालचा भाग रंगहीन, साठवणीचा, स्टार्चने भरलेला. हे वर्णन रिक्सियातल्या त्याच नावाच्या उपगटाला, म्हणजे अरुंद नळ्यांच्या गटाला लागू आहे. रिक्सिएला नावाच्या दुसऱ्या गटात हवेच्या जागा रुंद आणि बहुकोनी असतात, आणि काही प्रजाती तर जुन्या झाल्या की स्पंजासारख्या भोकाभोकांच्या दिसतात. तेव्हा तुमच्या छेदात खांब दिसले नाहीत तर स्लाइड बिघडली असं लगेच समजू नका.

आता प्रजननाकडे. अँथेरिडियम (नर अवयव) आणि आर्किगोनियम (मादी अवयव) खाचेच्या तळाशी, थॅलसच्या आत, एकेकटे बुडालेले असतात. मार्कँशियासारखी दांड्यावरची छत्री नाही. फलन झाल्यावर जो स्पोरोफाइट (स्पोर म्हणजे बीजाणू बनवणारी पिढी) तयार होतो तो म्हणजे नुसती कॅप्सूल, स्पोरची पिशवी. पाद (थॅलसमध्ये रुतलेला तळ) नाही, देठ नाही, इलेटर (स्पोर उधळणाऱ्या पिळदार पेशी) नाहीत. कॅप्सूलची भिंत एकाच थराची, आणि आतली जवळपास प्रत्येक पेशी स्पोर बनवायच्या कामाला लागते. काही थोड्या पेशी विरघळून इतरांना पोसतात. स्पोर पिकेपर्यंत ती एकथरी भिंतही विरून जाते आणि तिच्याबाहेरच्या आवरणाचा आतला थरही. पिकलेले स्पोर मातृवनस्पतीने दिलेल्या आवरणात पडून राहतात, आणि तोवर स्पोरोफाइटची म्हणून एकही द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) पेशी उरलेली नसते. थॅलस कुजला की स्पोर मातीत. सबंध भूवनस्पतींत याहून आखूड स्पोरोफाइट दाखवणं कठीण आहे.

इथूनच जुना तर्क सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉवर, कॅव्हर्स, कॅम्पबेल यांच्यासारख्या अभ्यासकांना वाटलं की स्पोरोफाइट आधी असाच, सगळ्या पेशींनी स्पोर बनवणारा असावा, आणि पुढे हळूहळू त्यातल्या अधिकाधिक पेशी वांझ होऊन पाद, देठ, इलेटर आणि जाड भिंत बनत गेली असावी. मग ओळ लावली : रिक्सिया, त्यानंतर कॉर्सिनिया, टार्जिओनिया, शेवटी मार्कँशिया. कॉर्सिनियात इलेटरऐवजी नुसत्या पोषक पेशी असतात, टार्जिओनियात खरे इलेटर येतात, त्यामुळे ओळ दिसायला अगदी सुबक. तुमच्या पुस्तकातलं वाक्य याच परंपरेतून आलं आहे.

या ओळीला उलट दिशेने वाचणारा माणूस भारतातला होता, हे विद्यार्थ्यांना सांगितलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. लाहोरचे शिवराम कश्यप. हिमालयात त्यांनी एचिसोनिएला, स्टीफन्सोनिएला आणि सिवार्डिएला अशा नव्या वंशांचं (जीनसचं) वर्णन केलं. यातल्या पहिल्या दोघींमध्ये मादी अवयव उचलून धरणारा दांडा आखडत गेलेला दिसतो. १९१९ मध्ये त्यांनी मांडलं की ही मालिका चढण नसून उतरण आहे : गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून भाग गळत गेले आणि टोकाला रिक्सियासारखी रूपं उरली. गोबेल यांच्यासारखे काही युरोपीय अभ्यासकही याच बाजूचे होते. पण कश्यपांकडे डोंगरातून गोळा केलेली मधली रूपं हातात होती, आणि पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील लिव्हरवर्टवरचा त्यांचा ग्रंथ, ज्याचा पहिला भाग १९२९ मध्ये आला, आजही या गटाचा अभ्यास करणाऱ्याला उघडावा लागतो.

त्या काळी कोण बरोबर हे ठरवायला साधन नव्हतं. आज आहे. डीएनएच्या तुलनेतून काढलेल्या वंशवृक्षांत रिक्सिया मार्कँशियेलीस गणाच्या आत, पुढे निघालेल्या फांद्यांपैकी एकीवर येते. पण नुसतं ‘डीएनए सांगतो’ असं लिहून थांबू नका. का, ते समजून घ्या. या गणाच्या बाहेरचे नातेवाईक बघा. ब्लासिया : तिला पाद आहे, लांब देठ आहे, इलेटर आहेत. ल्युन्युलेरिया आणि निओहॉजसोनिया या त्याहून जवळच्या फांद्या : तिथेही पाद, देठ, इलेटर आणि दांड्यावर उचललेली मादी रचना. आणखी लांब, पानांसारख्या लिव्हरवर्टकडे गेलात तरी पाद, देठ आणि इलेटर आहेतच. सगळ्या बाजूच्या नातेवाइकांत जी गोष्ट आहे ती सामायिक पूर्वजात होती असं मानणं सर्वांत सरळ. मग रिक्सियात ती नाही याचा अर्थ ती गेली.

आणि हा पुरावा रिक्सियाच्या अंगावरही आहे. खुंटीदार ऱ्हायझॉइड, पोटाखालची शल्कं, हवेच्या नळ्या ही सगळी मार्कँशियाच्या घराण्यातली सामग्री आहे. लिव्हरवर्टच्या इतर मोठ्या गटांत खुंटीदार ऱ्हायझॉइड नाहीत. खुंट्यांमुळे ती मृत नळी कोरडी पडल्यावर पूर्ण चिकटून बसत नाही आणि ओल येताच पुन्हा पाणी वाहू लागते. म्हणजे हे प्रगत, कामाचं साधन आहे. जी वनस्पती सर्वांत आदिम, तिच्याकडे हे आलं कुठून? ज्या घरात आज बैलगाडी नाही, पण माळ्यावर जू आणि आख पडलेला आहे, ते घर बैलगाडी येण्याच्या आधीचं आहे असं कुणी म्हणणार नाही. रिक्सियाचा थॅलस म्हणजे तो माळा.

आता हे भाग का गळाले असावेत, याचा विचार नागपुरात बसून करणं फार सोपं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि उघड्या मातीवर ओल टिकते ती त्याच काळात. इतक्या थोड्या दिवसांत उगवून, फलन करून, स्पोर पिकवून मोकळं व्हायचं असेल तर दांडा उभारणं, देठ लांबवणं हा खर्च परवडत नाही. देठ नसेल तर कॅप्सूल हवेत जात नाही. कॅप्सूल हवेत जात नसेल तर कोरड्या वाऱ्यात पिळवटून स्पोर उधळणाऱ्या इलेटरला कामच उरत नाही. एक गोष्ट गेली की तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्याही जातात. म्हणून पाद, देठ, इलेटर हे सगळे एकदम नाहीत, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

बदल्यात काय मिळालं तेही बघा. मार्कँशिया पॉलिमॉर्फाचा स्पोर साधारण १५ मायक्रोमीटरच्या आसपास. वाऱ्यावर सहज जाणारा. रिक्सियाच्या बहुतेक प्रजातींचे स्पोर ६० ते १२० मायक्रोमीटर, जाड भिंतीचे, जाळीदार नक्षीचे, थोडे पण वजनदार. ते लांब उडत नाहीत. जिथे आई वाढली त्याच जागी, म्हणजे जिथे वाढता येतं हे सिद्ध झालेल्या जागी, उन्हाळाभर पडून राहतात. लांबचा प्रवास करायचा झाला तर पायाला, खुराला लागलेला चिखल आणि वाहतं पाणी आहेच. हा भाग अनुमानाचा आहे हे मी मान्य करते, कारण भाग गळताना कुणी पाहिलेलं नाही. कुठल्या भागाच्या आधी कुठला गेला, हेही प्रत्येक वंशशाखेत सारखं असेलच असं नाही. पण साधेपणा नंतर आला, एवढं मात्र नातेवाइकांच्या मांडणीवरून पक्कं आहे.

वर्गीकरण मग असं बसतं. लिव्हरवर्टचा संघ मार्कँशिओफायटा, जगभरात सुमारे ७,००० प्रजाती. त्यात तीन वर्ग : हॅप्लोमिट्रिऑप्सिडा, मार्कँशिऑप्सिडा आणि जंगरमॅनिऑप्सिडा. आपली वनस्पती मधल्या वर्गात, मार्कँशियेलीस गणात, रिक्सिएसी कुळात. कूळ छोटं, प्रजातींनी मात्र भरलेलं : एकीकडे रिक्सिया, दीडशेहून अधिक प्रजातींची, आणि दुसरीकडे रिक्सिओकार्पस, जिची एकच प्रजाती आहे, रिक्सिओकार्पस नॅटन्स. ही संथ पाण्यावर तरंगते, हृदयाच्या आकाराची असते आणि पोटाखाली तिला लांब, दातेरी, जांभळट शल्कं लटकतात. पाणी आटून ती चिखलावर बसली की रूप पालटतं आणि ती जमिनीवरच्या चकतीसारखी दिसू लागते. तलावाकाठची अशी चकती आणून नुसत्या वरच्या रूपावरून नाव द्यायला गेलात तर गडबड होईल.

जुन्या पुस्तकांत रिक्सियाच्या शेजारी स्फेरोकार्पेलीस हा चिमुकला गण ठेवलेला आढळतो आणि विद्यार्थी दोघांना एकच समजतात. कारण उघड आहे : दोघांच्याही कॅप्सूल आपणहून उघडत नाहीत, दोघांतही इलेटर नाहीत. पण स्फेरोकार्पसच्या थॅलसमध्ये हवेच्या नळ्या नाहीत, पोटाखाली शल्कं नाहीत, ऱ्हायझॉइड सगळे गुळगुळीत. उलट तिथे लहानसा पाद आणि आखूड देठ आहे, आणि प्रत्येक प्रजनन अवयव आपापल्या बाटलीसारख्या आवरणात बसलेला आहे. या गणात रिएला ही पाण्यात बुडून वाढणारी, एका बाजूला पातळ पंखासारखी पट्टी असलेली वनस्पती आहे, आणि कॅलिफोर्नियातली जिओथॅलस. वंशवृक्षात हा गण मार्कँशियेलीसच्या बाहेर, वेगळ्या फांदीवर येतो. म्हणजे इलेटर गळण्याची घटना किमान दोन वेगळ्या ठिकाणी झाली. याच स्फेरोकार्पसमध्ये चार्ल्स ॲलन यांनी १९१७ मध्ये वनस्पतींतली लिंगगुणसूत्रं पहिल्यांदा दाखवली. गण छोटा असला तरी त्याचं ऋण मोठं आहे.

नसलेल्या भागांवरून नातं ठरवण्यात हाच धोका असतो. टाकाकियाचं उदाहरण तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर आठवा. १९५८ मध्ये हातोरी आणि इनोऊए यांनी तिचं वर्णन लिव्हरवर्ट म्हणून केलं, कारण स्पोरोफाइट कुणी पाहिलाच नव्हता. अल्यूशन बेटांवर स्पोरोफाइट सापडले, १९९३ मध्ये त्यांचं वर्णन आलं, आणि टाकाकिया मॉसमध्ये गेली.

इथवरचा मुद्दा एका ओळीत : रिक्सियाचा स्पोरोफाइट सर्वांत साधा आहे हे खरं, पण तो साधेपणा मागाहून आलेला आहे.

आता तुमची चकती. पहिलं म्हणजे ती रिक्सियाच आहे ना, हे बघा. नेचाचं प्रोथॅलस (नेचाची प्रजनन अवयव असलेली चिमुकली पिढी) हृदयाच्या आकाराचं, पातळ, आणि त्याला दोन-दोन फाट्यांची चकती होत नाही. अँथोसेरॉस या हॉर्नवर्टच्या थॅलसला शल्कं नसतात, पोटाच्या बाजूने निळसर-हिरवे ठिपके म्हणजे नॉस्टॉक या नील-हरित शैवालाच्या वसाहती दिसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा प्रत्येक पेशीत एकच मोठं हरितलवक. लहान वयाची प्लॅजिओकाझ्मा ही दुसरी लिव्हरवर्ट जाड, चामड्यासारखी. भिंग लावलं तर पाठीवर रंध्रं दिसतात. सावलीतल्या ओल्या भिंतीवरची सायथोडियम (तीही लिव्हरवर्टच) पिवळसर-हिरवी, इतकी पातळ की बोटाने उचलताना फाटते. अंगणात पसरलेला काळपट-हिरवा जेलीसारखा गोळा असेल तर तो नॉस्टॉक, लिव्हरवर्टच नव्हे.

रिक्सियाच आहे हे ठरलं, तरी प्रजातीचं नाव फोटोवरून मी सांगणार नाही आणि तुम्हीही कुणाकडून घेऊ नका. ते चार गोष्टींवर अवलंबून आहे : आडव्या छेदात रुंदी आणि उंचीचं प्रमाण, शल्कांचा रंग व ती कडेबाहेर डोकावतात का, नर-मादी अवयव एकाच झाडावर आहेत की वेगळ्या, आणि पिकलेल्या स्पोरची नक्षी. यातला शेवटचा मुद्दा निर्णायक. कच्च्या नमुन्याला ‘रिक्सिया, प्रजाती अनिश्चित’ असंच लिहावं. त्यात कमीपणा काही नाही. भारताच्या मैदानी भागात रिक्सिया बिलार्डिएरी, रिक्सिया डिस्कलर, रिक्सिया गँजेटिका, रिक्सिया फ्रॉस्टी ही नावं वारंवार येतात. यातल्या डिस्कलर आणि फ्रॉस्टीमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फ्रॉस्टीचे नर तर लालसर रंगावरूनच ओळखू येतात. ही गाळमातीवर, पाण्याच्या काठाने शोधायची. मत्स्यालयाच्या दुकानात ‘रिक्सिया’ म्हणून मिळते ती फ्लुइटन्स किंवा तिची जवळची नातेवाईक : अरुंद फितींचा तरंगता गुंता. तिला चकतीवरच्या वर्णनात बसवू नका, ती रिक्सिएला गटातली आहे.

आणखी नमुने कुठे आणि केव्हा शोधायचे हेही सांगते. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्सकडे बेसाल्ट, पूर्वेला वेगळा, जुना खडक. माती बदलली की वस्तीही बदलू शकते, म्हणून दोन्हीकडे बघा. गवत उंच वाढलेल्या जागी वेळ घालवू नका. रिक्सियाला सावली करणारा शेजारी चालत नाही. पायवाटेची कड, कुंड्यांची माती, बांधाचा उतार, तलावाच्या उतरत्या पाण्याने उघडी पडलेली ओल अशा जागा धरा. जुलैत थॅलस कोवळा असतो. स्पोर हवे असतील तर सप्टेंबरच्या शेवटापासून, चकतीचा मध्य तपकिरी पडू लागला की बघा. हे पाऊस कधी थांबतो यावर मागेपुढे होतं. थॅलसच्या मधल्या खाचेत काळे ठिपके दिसू लागले की स्पोर तयार.

चकती मातीच्या पातळ थरासह सुरीने उचला, खालची माती पाण्यात हलकेच सोडवा. आडवा छेद गाजराच्या तुकड्यात धरून नव्या ब्लेडने घ्या. टोकापासून थोडं मागे, जिथे थॅलस पूर्ण वाढलेला आहे तिथून घ्या, नाहीतर खांब कोवळे दिसतात आणि नळ्या कळत नाहीत. उरलेला नमुना जाड कागदाच्या पाकिटात सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. पाकिटावर जागा, तारीख, माती आणि सोबतच्या वनस्पती लिहा. पुढे पाण्यात भिजवला की थॅलस बऱ्यापैकी पूर्ववत होतो आणि स्पोर तर वर्षानुवर्षं तपासण्याजोगे राहतात.

परीक्षेचं उत्तर प्रश्न कसा विचारला आहे त्यावर अवलंबून आहे. ‘रिक्सियाचा स्पोरोफाइट हा सर्वांत साधा, स्पष्ट करा’ असा प्रश्न असेल तर पाद-देठ-इलेटर नसणं आणि एकथरी, विरून जाणारी भिंत हे आकृतीसह लिहा. तिथे उत्क्रांतीच्या वादात शिरायची गरज नाही. ‘ब्रायोफायटातील (म्हणजे मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट यांतील) स्पोरोफाइटची उत्क्रांती’ असा प्रश्न असेल तर दोन्ही मतं मांडा : बॉवर-कॅम्पबेलचं वांझपणा वाढत जाण्याचं, आणि कश्यप यांचं ऱ्हासाचं, १९१९ या सालासह. मग एका परिच्छेदात नातेवाइकांचा युक्तिवाद आणि खुंटीदार ऱ्हायझॉइडचा मुद्दा द्या. तपासणारा जुन्या मताचा असला तरी असं कारणासह लिहिलेलं उत्तर तो खोडू शकत नाही. ‘आदिम’ हा शब्द रिक्सियासाठी वापरू नका. ‘साधा’ किंवा ‘ऱ्हास पावलेला’ लिहा, आणि कशाबद्दल म्हणता तेही लिहा, कारण ऱ्हास स्पोरोफाइटचा आणि मादी अवयव उचलणाऱ्या दांड्याचा आहे. थॅलसचा तेवढा नाही.

नमुन्याचा छेद आणि स्पोरचा फोटो मिळाला तर तो इथे टाका. स्पोरच्या फोटोवर मोजपट्टी हवी, आणि नक्षी दिसेल अशी बाहेरची बाजू आणि तीन रेघांची खूण असलेली आतली बाजू दोन्ही घ्या. मग प्रजातीबद्दल काही ठाम बोलता येईल.